चहा तर स्वस्तच होता

चि. चिऊस,

तुझा फोटो मिळाला. बॉस्टनच्या धक्क्यावर उभी राहून चहाची खोटी पेटी पाण्यात भिरकावते आहेस, आणि पेटीला दोरी बांधलेली! ओढून वर घ्यायची, पुढच्याच्या हाती द्यायची. बराच वेळ हसलो. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री दोरी नव्हती गं. 342 पेट्या गेल्या त्या गेल्याच.

फोनवर म्हणालीस, "आजोबा, चहा महाग केला म्हणून लोक चिडले." तिथेच चुकलीस. महाग कुठला? त्या वर्षीच्या कायद्यानं तो उलट स्वस्त झाला. कंपनीचा (हो, आपल्याकडे आली तीच ईस्ट इंडिया कंपनी) चिनी चहा गोदामांत पडून होता, कंपनी बुडायच्या बेताला आलेली. तिला तो परस्पर अमेरिकेत विकायची मुभा मिळाली. पौंडाला तीन पेन्स कर तेवढा राहिला. 1765 चा स्टॅम्पचा कर लोकांनी वर्षभरात मागे घ्यायला लावला होता, काच, कागद, रंगांवरचेही 1770 मध्ये गेले. चहावरचा मात्र मुद्दाम ठेवला. कर बसवायचा अधिकार आमचा, एवढं ठसवायला. आणि इंग्रजांच्या ज्या पार्लमेंटात हे ठरत होतं, तिथे अमेरिकेतल्या लोकांचा निवडलेला एकही माणूस नव्हता.

चांगला, स्वस्त, दारात आणून दिलेला चहा. तरी नको. तुझ्या आजीला हे झटकन कळलं असतं.

त्या अमेरिकनांना फार डोक्यावर घेऊ नकोस हं. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या कितीजणांकडे गुलाम राबत होते, ते तुझ्या गाईडनं सांगितलं का? आणि त्याच कंपनीनं वर्षभरानं, 1774 च्या डिसेंबरात, आपल्याकडून ठाण्याचा किल्ला घेतला. 1781 ला तिकडे अमेरिकेत यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि आपले परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच जोडीनं टिपूवर चालून गेले! असो. हा विषय काढला की तुझा बाबा उठूनच जायचा.

बाबावरून आठवलं. नवा फ्लॅट पाहून आलो. लिफ्ट आहे, दवाखाना समोर, वाड्याचे पैसेही चांगले आले म्हणे. माझ्या सोयीसाठीच केलं सगळं, नाही कोण म्हणतंय? जिना मला आता खरंच चढवत नाही. कागद सगळे टाइप होऊन आले तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला, चष्मा शोधला, फुली मारलेल्या जागी सही केली.

तू तेवढं विचारलंस, "आजोबा, तुम्हाला जायचंय का?" इथे रात्रीचे अकरा वाजले होते, मी झोपेत "हो, हो" म्हटलं. ते खरं धरू नकोस. पण विचारलंस, बाळ.

पत्र बाबाला वाचून दाखव. कॉर्नवॉलिसच्या पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

तुझा,
आजोबा