मामाच्या ट्रकचं नाक

'सुट्टीत काय केलंस त्यावर लिही, अमेरिकेला गेली होतीस ना,' असं मंडळाच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी जरा घाबरलेच. अमेरिकेवर लिहायचं म्हणजे नायगारा आणि उंच इमारती यायला हव्यात. नायगारा मी पाहिला, खोटं कशाला सांगू, पण तो एकच दिवस. बाकीचे सहा आठवडे मिशिगनमध्ये मामाच्या गॅरेजमध्ये एका ट्रकला कुठलं नाक लावायचं या वादात गेले. त्यामुळे लेख नाकाचाच आहे.

आधी थोडं घरचं. माझे आज्जा, म्हणजे आईचे वडील, पॅटर्नमेकर. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांना फौंड्री म्हणजे काय ते सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओततात. वाळूत तो आकार उमटवायला आधी हुबेहूब लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. आज्जांनी चाळीस वर्षं सागवानात पंप, पुली आणि व्हॉल्व्हची अंगं कोरली. मामानं त्यांच्या हाताखाली बसावं अशी त्यांची इच्छा होती. मामा इंजिनिअर झाला आणि 'मला लाकूड कुरतडत बसायचं नाही' असं एकदा म्हणून निघून गेला. भांडण असं झालं नाही. पण त्यानंतर दर रविवारच्या फोनवर दोघांचं बोलणं तीन वाक्यांचं. जेवलास का? थंडी किती? आईला देतो.

मी निघाले तेव्हा आज्जीनं कुंद्याचे दोन डबे दिले. आज्जांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन फुटी स्टीलची पट्टी आणून बॅगेत तळाशी ठेवली. 'त्याला दे,' एवढंच म्हणाले.

मामाचा ट्रक म्हणजे १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए पिकअप. एका शेतावरच्या लिलावात त्यानं नुसती केबिन आणि चेसी घेतली होती. तिचा तो 'हॉट रॉड' करत होता. हे खूळ मूळचं दक्षिण कॅलिफोर्नियातलं. १९३०-४० च्या काळात तिथली पोरं भंगारातून जुन्या फोर्ड गाड्या उचलायची, नको ते पत्रे काढून वजन कमी करायची, मोठं इंजिन बसवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानावर पळवायची. महायुद्धानंतर हे वेड देशभर पसरलं, १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. आता 'पारंपरिक' हॉट रॉड म्हणजे जो त्या काळच्या पोरानं त्या काळच्या पार्टांतून बनवला असता तसा.

आणि परंपरा म्हटली की नियम आलेच. मॉडेल ए च्या पुढे १९३२ च्या फोर्डची जाळी लावायची, हा त्यातला जवळजवळ कुलाचार. १९३२ मध्ये फोर्डनं स्वस्त गाडीत पहिल्यांदा व्ही-एट इंजिन दिलं, म्हणून त्या सालच्या गाडीला फार मान. तिची जाळी उभ्या पट्ट्यांची, भोवती रंगवलेलं कवच, दिसायला खरंच देखणी. नव्यानं बनवलेली अजूनही विकत मिळते. शेजारचे एक आजोबा, निवृत्त टूलमेकर, रोज संध्याकाळी कॉफीचा मग घेऊन यायचे आणि तेच सांगायचे, बत्तीसची घे आणि मोकळा हो.

मामाच्या मनात मात्र दुसरंच होतं. जुन्या पार्टांच्या बाजारातून त्यानं एक ट्रॅक्टरची जाळी आणली होती. फोर्ड ९एन, १९३९ चा ट्रॅक्टर. ओतीव अल्युमिनियमची, मधे एक उभा कणा आणि दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या आडव्या पट्ट्या. कण्यापाशी दोन पट्ट्या तुटलेल्या. ओतीव अल्युमिनियम ठिसूळ, शेतात धक्के बसून मोडायचं, म्हणून फोर्डनं थोड्याच वर्षांत पत्र्याची उभ्या पट्ट्यांची जाळी काढली.

'ट्रकला ट्रॅक्टरचं तोंड? लोक हसतील,' शेजारचे आजोबा म्हणाले.

मामाकडे उत्तर तयार होतं. ट्रकमध्ये त्यानं १९४८ च्या फोर्डचं २३९ घन इंचाचं फ्लॅटहेड व्ही-एट बसवलं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन १२० घन इंचाचं, चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धावही तीच. म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन हे या व्ही-एटचा निम्मा भाग. 'सख्खी भावंडं आहेत,' मामा म्हणाला. 'भावाची टोपी घातली तर कोण हसेल?' शिवाय त्या काळच्या पोरांनी नियम पाळले नव्हते, हाताला लागलं ते लावलं होतं. परंपरा जाळीत आहे की भंगारातून निवडण्यात आहे, असा त्याचा प्रश्न. मला तो बरोबर वाटला. आपल्याकडेही पुष्कळ गोष्टींना विचारता येईल.

त्या ट्रॅक्टरचीही एक गोष्ट आहे, ती मामानं मला डिअरबॉर्नला नेऊन सांगितली. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं नांगर ट्रॅक्टरला हायड्रॉलिकनं जोडायची पद्धत काढली होती. १९३८ मध्ये त्याचा आणि हेन्री फोर्डचा करार झाला तो नुसत्या हस्तांदोलनावर, कागद नाही. हेन्रीच्या नातवानं तो मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीला साडेब्याण्णव लाख डॉलर भरावे लागले. वडीलधाऱ्यांचा शब्द पुढच्या पिढीला कितपत बांधतो, असा विचार माझ्या मनात आला. मामा स्टिअरिंगकडे बघत होता. मी बोलले नाही.

एकदा रात्री मी विचारलं, 'मामा, खरं सांग, हीच जाळी का?'

त्यानं जाळी उजेडात तिरकी धरली. पट्ट्या मुळाशी जाड, टोकाला बारीक होत गेलेल्या. म्हणाला, 'हे बघ. पत्रा दाबून असं होत नाही. हे आधी कुणीतरी लाकडात कोरलंय.'

यापुढे तो काही बोलला नाही. माझ्या मात्र लक्षात आलं.

आता घोटाळा ऐका. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी मामाला दिली होती. त्यानं ती हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि खिळ्याला टांगली. पुढे मी झोपलेली असताना त्यानं तिनंच रेडिएटर मोजला, आणि बसवायची चौकट नेहमीच्या टेपनं कापली. सकाळी रेडिएटर चौकटीत जाईना. पाच मिलिमीटर कमी! मामानं टेप बदलून पाहिला, स्वतःला शिव्या घातल्या. मी चहा घेऊन गेले आणि पट्टी बघून कपाळाला हात लावला.

चूक माझी. ती साधी पट्टी नाहीच. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बीड फुटाला सुमारे तीन मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित नको म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवर फूटच मोठा आखलेला असतो. तिच्यावर वीस इंच म्हणजे खरे वीस इंच आणि वर पाच मिलिमीटर. लहानपणी मी ती भूमितीला घेऊन चालले होते तेव्हा आज्जांनी दप्तरातून काढून घेतली होती. 'ही खोटं बोलते, पण कामापुरतं,' असं म्हणाले होते. वापरून वापरून तिच्यावरची खूण पुसली गेली होती आणि मी मामाला सांगायला विसरले.

मामा हसला, पण कानापर्यंत लाल झाला. वडिलांचं हत्यार त्याला ओळखता आलं नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. ट्रॅक्टरची जाळी रेडिएटरपेक्षा चार बोटं अरुंद. रेडिएटर लहान करावा तर फ्लॅटहेड तापतं. या इंजिनात जळलेला गरम वायू ब्लॉकच्या आतून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे पाणी लवकर तापतं आणि समोरून भरपूर हवा लागते. जाळी रुंद करावी तर नवी ओतावी लागते. मग ती ट्रॅक्टरची कसली? शेजारचे आजोबा मगातून घोट घेत म्हणाले, 'बत्तीसची.' मामा त्या रात्री किंमत बघत बसला होता. म्हणजे सुटतच आलं होतं.

रविवारी मी फोन आज्जांना लावला आणि कॅमेरा सरळ जाळीवर धरला.

'काय करायलीस गं? हे काय?'

मी सगळं सांगितलं. पट्टीचंसुद्धा. मामा मागे उभा होता. आज्जांनी चष्मा पुसला. 'जवळ धर. कणा दाखव. तुटलंय कुठं?' मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाईन गेली.

'कणाच काढून टाक,' आज्जा म्हणाले. 'तुटलेलं त्यालाच चिकटलंय. दोन बाजू जुन्या ठेव. मधे नवीन ओत, चार बोटं रुंद. पण भरीव नको, हवा अडंल. दोन बारीक कणे आणि मधे मोकळं. मागनं बोल्टनं जोड. जुन्या ओतकामाला वेल्डिंग धरंल न धरंल.'

मामा पुढे आला. 'पण पॅटर्न कोण करणार?'

'तू इंजिनिअर की.'

एवढं बोलून त्यांनी फोन आज्जीकडे दिला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

मामानं सुट्टीच्या दिवशी पाइनचं लाकूड आणलं. पॅटर्न दोन फूट उंचीचा. 'पट्टी आहेच,' असं तो म्हणाला, तर आज्जा ओरडले, 'ती बिडाची! अल्युमिनियम जास्त आकसतंय.' फुटाला चार मिलिमीटर. दोन फुटांना आठ हवेत, ती पट्टी सहाच देते. म्हणजे एवढ्या लांबून आणलेली पट्टी या कामाला उपयोगाचीच नव्हती! मामानं कागदावर गणित केलं.

पहिला पॅटर्न आज्जांनी व्हिडिओवर बघताक्षणी नापास केला. बाजू काटकोनात सरळ होत्या. 'वाळूतनं निघताना वाळू घेऊन येईल. उतार कुठाय?' बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, तेव्हा पॅटर्न साचा न मोडता सुटतो. दुसरा नापास झाला कोपऱ्यांवर. आतले कोपरे टोकदार होते, धातू थंड होताना तिथेच तडकतो, तिथे गोलाई हवी. हे दोन्ही मामाला पुस्तकातून माहीत होतं. ऑफिसात तो कॉम्प्युटरवर असल्याच गोष्टी तपासतो. हातानं करताना सुचलं नाही, असं त्यानं स्वतः कबूल केलं. तिसऱ्या वेळी आज्जांनी पॅटर्न चारी बाजूंनी फिरवायला लावला आणि म्हणाले, 'चालंल.' आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. माझ्या बारावीच्या निकालालाही एवढंच मिळालं होतं.

ओतकाम झालं तेव्हा मी बेळगावात परतले होते. गावातल्या एका छोट्या फौंड्रीनं ते करून दिलं. नवा कणा दोन मिलिमीटर लांब आला, कानशीनं घासावा लागला. जुना आणि नवा धातू रंगानं सारखा नाही, जवळून बघितलं की जोड दिसतो. मामा पॉलिश करून तो लपवणार होता. शेजारचे आजोबाच म्हणाले, राहू दे. जाळी त्यांना अजून पसंत नाही. पहिल्या फेरीला मात्र तेच शेजारी बसले होते.

मामानं फोटो पाठवला. ट्रक जरा विचित्र दिसतो. देखणा म्हणायला जीभ रेटत नाही; चष्मा लावलेल्या शेतकऱ्यासारखा वाटतो. मी फोटो मोठा करून आज्जांना दाखवला. त्यांनी जोडावर बोट ठेवलं आणि फोन लावायला सांगितलं.

'तापतंय का?' हा पहिला प्रश्न.

'नाही बाबा.'

'चढावर?'

'इथं चढ नाही.'

'मग काय सांगतोस,' आज्जा म्हणाले, आणि पुढे वीस मिनिटं पंखा, पाण्याचा पंप आणि पट्ट्याचा ताण यावर बोलणं झालं. आज्जी दोनदा हात पुढे करून गेली.

आता रविवारी तिला फोन मिळवायला भांडावं लागतं. पट्टी मिशिगनमध्येच आहे. मामानं तिच्या मागे पांढऱ्या रंगानं मराठीत लिहिलंय : 'फक्त बिडासाठी. बाबांची.'