वरचा बाण

आमच्या थोरल्या काकांनीं उतारवयांत एक काम मनावर घेतलें होतें. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत मूळ आंबेगांव बुडालें; तेथील घरोघरचीं नांवें त्यांनीं डॉसवर चालणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्यें, रोमन लिपींत, नोंदवून ठेविलीं. काका गेले, त्यांचा संगणकही गेला. मागें उरली ती फ्लॉपीवरून उतरवून घेतलेली यादी. आमच्या आत्याबाई जुन्नरास आमच्याकडेच असतात, वय ८७. “दादानें लिहिलेलें एकदां वाचून दाखवा रे,” एवढेंच त्यांचें मागणें.

आमच्या घरीं लिनक्स चालतें. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेली ही प्रणाली डॉसचे प्रोग्रॅम आपण होऊन चालवीत नाहीं. त्यासाठीं डॉसबॉक्स हा एम्युलेटर लागतो. तो नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राचें सोंग उभें करतो. सोंग उत्तम वठलें, यादीचें पहिलें पान दिसलें. परंतु तें पुढें सरकेना! अक्षरें उमटत, पण बाणांच्या कळा मुक्या. चिरंजीवांनीं कळफलक बदलून पाहिला, तरी तेंच. आत्याबाई दाराशीं बसून सारें पाहात होत्या.

मग कळफलकास बोल लावणें सोडून, कळ दाबल्यावर निरोप कोठवर पोहोंचतो तें आम्हीं तपासलें. एक्सईव्ही या छोट्या साधनांत वरचा बाण दाबतांच १११ हा आंकडा आला. म्हणजे कळ शाबूत होती. गोम निराळीच होती. लिनक्सच्या जुन्या रचनेंत वरच्या बाणाचा आंकडा ९८ असे, आणि १११ हा ‘प्रिंट’ कळीचा. पुढें इव्हडेव्ह ही नवी रचना आली, तेव्हां बाणांचे आंकडे बदलले. अक्षरांचे मात्र तेच राहिले. आमचा डॉसबॉक्स अजून जुन्याच कोष्टकावरून अर्थ लावीत होता. त्याच्या सेटिंगच्या फाइलींत, एसडीएल विभागांत, ‘यूजस्कॅनकोड्स’पुढें ‘ट्रू’ होतें. तेथें ‘फॉल्स’ लिहितांच तो आंकड्याऐवजीं कळीचें नांव विचारूं लागला आणि बाण चालूं लागले.

पण आतां अक्षरें अडलीं! मराठी पत्र लिहून आम्हीं कळफलक इनस्क्रिप्टवरच ठेविला होता. ‘क’ हें नांव ऐकून बिचारा डॉसबॉक्स काय करणार? इंग्रजी मांडणी परत आणली आणि यादी खुली झाली.

येथून जवळच्या नाणेघाटांतील ब्राह्मी लेख शतकानुशतकें वाटसरूंच्या डोळ्यांसमोर होता. परंतु १८३७ सालीं प्रिन्सेपनें त्या लिपीची किल्ली शोधीपर्यंत तो कोणास वाचतां येत नव्हता. जपलेलें सारें वाचतां येतेंच असें नाहीं. याचा प्रत्यय आम्हांस लगेच आला. एका घरापुढें काकांनीं रोमनमध्यें ‘एम-ए-एल-ए’ एवढींच अक्षरें लिहिलीं होतीं. आम्हीं वाचलें, “मळा.” आत्याबाई हंसल्या. “मळा कुठला! त्यांच्याकडे माळा होता. आम्ही मुली भोंडल्याची खिरापत तिथें लपवीत असूं.”

त्या घराचा माळा कोठल्याही कोष्टकांत सांपडला नसता. त्याच रात्रीं आम्हीं यादी देवनागरींत उतरवावयास घेतली. आत्याबाईंस ऐकूं कमी येतें, डोळा लवकर लागतो. म्हणून रोज दहाच घरें होतात. वाचकांच्याही कपाटांत अशी एखादी फ्लॉपी पडली असेल, तर ती उघडण्याचें काम पुढच्या सुटीवर टाकूं नये.