ताशी चाळीस

मराठीत गाडी हाकतात, हाणतात, मारतात, काढतात आणि सभ्य माणसे ती चालवतात. ‘हाकणे’ बैलांच्या पाठीवरून आले. ‘मारणे’ ट्रक चालवणाऱ्यांच्या बोलण्यात अधिक ऐकू येते. ‘चालवणे’ हे तर ‘चालणे’चे प्रयोजक रूप, म्हणजे चालते ती गाडी, आपण केवळ तिला चालायला लावणारे. आत बसणाऱ्याच्या सुखासाठी आपल्याकडे फिरणे, हिंडणे, भटकणे असे शब्द आहेत. चालवणाऱ्याच्या हातापायांना जे सुख होते त्याला मात्र स्वतंत्र शब्द नाही. ‘मजा’ म्हणावे, तर त्या शब्दाकडे मध्यमवर्गीय घरांत जरा संशयानेच पाहिले जाते. मजा ही सुटीच्या दिवशी करायची गोष्ट. कामावर जाताना मजा येत असेल तर कामात काहीतरी गफलत असावी, असा आपला समज.

गेले चार महिने मी एक जुनी गाडी शोधत होते, आणि शब्दाची ही उणीव मला पदोपदी जाणवली. “कशासाठी हवी?” हा पहिला प्रश्न आणि “अ‍ॅव्हरेज किती देते?” हा दुसरा. पहिल्याची पुष्कळ उत्तरे समाजमान्य आहेत: आईला दवाखान्यात न्यायला, पावसाळ्यात एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून, बाजारहाटासाठी. ही सगळी खरीही होती. पण चार लाखांच्या आत, रोज वापरता येईल अशी आणि चालवताना आनंद देणारी गाडी मला हवी आहे, असे मी म्हणाले की ऐकणारा हसे. पन्नाशीला टेकलेल्या, मराठी शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य आले की हसू थोडे अधिक लांबे. पुण्यातल्या एका दलालाने तर मला ‘मॅडम’ आणि माझ्या धाकट्या भावाला ‘सर’ म्हणत सगळी माहिती भावालाच सांगितली. भावाला गाडी चालवता येत नाही.

माझी गरज नेमकी होती. मी वाईत राहते आणि वर पाचगणीला शिकवते. मधे पसरणीचा घाट. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे ६०० मीटर वर चढतो. सकाळी चढताना धोम धरणाचे पाणी वळणावळणाला दिसते, लपते. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात मात्र पुढच्या गाडीचे मागचे दिवेसुद्धा दिसत नाहीत, आणि शनिवार-रविवारी महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांची रांग लागते. थोडक्यात, या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जायला फारसा वाव नाही. जाऊही नये. ‘स्पोर्टी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे सगळे वर्णन शंभराच्या पुढच्या वेगाचे असते; माझा प्रश्न चाळीसच्या आतला होता.

रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये सित्रोएनच्या तेव्हाच्या नव्या गाडीवर लिहिलेला छोटा लेख आपल्या वाचकांना ठाऊक असेल. मोटारींची गॉथिक चर्चशी केलेली तुलना सर्वांच्या लक्षात राहते. वेगाच्या जादूकडून चालवण्याच्या आस्वादाकडे आपण वळत आहोत, हे त्याच लेखातले निरीक्षण मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही. मला ते अधिक मोलाचे वाटते. अर्थात बार्थ प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीबद्दल लिहीत होता. मला ती घाटात न्यायची होती.

पहिली पाहिली ती फियाट पॅलिओ, १.६ लिटर इंजिनाची. २००१ साली ही गाडी भारतात आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातींत होता. शंभराच्या आसपास अश्वशक्ती ही त्या काळी एवढ्याशा गाडीला चैनच होती. साताऱ्यातल्या एका गृहस्थांनी ती निगुतीने सांभाळलेली. स्टीअरिंग जड, पण बोलके. रस्त्यावरचा खडा तळहाताला कळावा असे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर योग्यता तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचे नूतनीकरणही झालेले. पण दरवाजांची रबरे कडक झाली होती, आणि सुटे भाग कुठून आणता, असे विचारल्यावर गृहस्थ ज्या उत्साहाने दूरदूरच्या गावांची नावे सांगू लागले, त्यावरून मला कळले की ही गाडी सांभाळणे हा एक स्वतंत्र व्यासंग आहे. तो करायला मला आवडलेही असते. परंतु सकाळी साडेसातचा तास असलेल्या माणसाने दुर्मीळ पोथीवर रोजचा पाठ करू नये.

फियाटचीच अबार्थ पुंतो (२०१५) हे दुसरे प्रलोभन. १४५ अश्वशक्ती! रांजणगावच्या कारखान्यात घडलेली ही गाडी फार थोड्यांनी घेतली आणि काही वर्षांतच फियाटने इथली विक्री थांबवली. आता ती दुर्मीळ म्हणून महाग. एका तरुण अभियंत्याची गाडी मी अर्धा तास चालवली. अद्भुत होती, आणि त्या अर्ध्या तासात तिची निम्मी ताकद वापरायचाही प्रसंग आला नाही. पिंजऱ्यातला वाघ कितीही देखणा असला तरी त्याला रोज पाहणाऱ्याच्या मनात आनंदापेक्षा अपराधीपणाच अधिक साचत असावा.

चाकणची फोक्सवॅगन पोलो जी.टी. हा खरा पेच होता. २०१३ साली आलेल्या या गाडीत १.२ लिटरचे टर्बो इंजिन आणि सात गिअरांची स्वयंचलित पेटी. टर्बोमुळे घाटाच्या विरळ हवेतही तिचा दम कमी होत नाही. हजार-दीड हजार फेऱ्यांनंतर ती जी ओढ घेते ती साध्या इंजिनाला तिप्पट फेऱ्यांनीही साधत नाही. पोलोचे उत्पादन इथे २०२२ मध्ये थांबले, तरी चाहते अजून हळहळतात, आणि ते रास्तच आहे. आमच्या मिस्त्रींनी मात्र तिच्या गिअरपेटीचे नाव काढताच कपाळाला हात लावला: “मॅडम, ती बिघडली तर गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिथेच जाईल.” पण खर्चाची भीती हे माझ्या नकाराचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे असे, की घाटातल्या प्रत्येक वळणाआधी कोणता गिअर घ्यायचा हे ती माझ्याआधी ठरवी, आणि बहुधा बरोबर ठरवी. घाट सुरेख पार पडला, पण तो मी पार केला असे वाटले नाही.

इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. मला वेग नको होता, सहभाग हवा होता. वळणाआधी ब्रेक, क्लच, दुसरा गिअर, मग वळणाच्या पोटात शिरताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर कलताना अंगाला जाणवणे, आणि बाहेर पडताना इंजिनाचा वर चढत जाणारा सूर. हे सगळे ताशी तीस-चाळीसच्या वेगातच घडायला हवे असेल, तर गाडी हलकी हवी आणि तिची ताकद बेताची हवी, म्हणजे आहे ती सगळी वापरावी लागेल.

अशी गाडी शोधताना मी जिथे पोचले ती जागा इतकी परिचित आहे की सांगताना संकोच वाटावा. मारुती स्विफ्ट. दुसऱ्या पिढीची, २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, हाताने बदलायचे पाच गिअर. अश्वशक्ती ८५ च्या आसपास, वजन हजार किलोंच्याही आत. दर चौथ्या गल्लीत उभी असते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. लोकप्रिय कादंबरीला अभ्यासक्रमात जागा नसते, त्यातलाच हा प्रकार. स्टीअरिंग पॅलिओच्या मानाने मुके आहे, हे मान्य. पण दुसऱ्या गिअरमध्ये चार हजार फेऱ्यांवर ती जशी आनंदाने ओढते, त्याला मी तरी दुसरा शब्द देऊ शकत नाही. झेड.एक्स.आय. हाच प्रकार हवा असा हट्ट धरला, कारण त्यात ए.बी.एस. आणि दोन एअरबॅग मिळतात. धुक्याच्या रस्त्यावर ही चैन नव्हे.

गाडी निवडण्यापेक्षा नेमका नग निवडणे अधिक कष्टाचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांपैकी काही पुसूनपासून बाजारात आल्या असणार, हे धरूनच चालावे लागते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहायचे, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहायचा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी आपल्यासमोरच सुरू करायला लावायची. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ गोष्टी लपवते. टायर आतल्या कडेने झिजले असतील तर चाकांची बैठक बिघडलेली आहे. सर्व्हिसच्या नोंदी तारखांसकट वाचायच्या. किलोमीटरचा आकडा मागे गेलेला तिथेच सापडतो. एक नग मी असाच सोडला. २०१७ च्या नोंदीत तो जेवढा धावला होता, त्याहून आज कमी धावलेला होता. दलाल शांतपणे म्हणाला, “टायपिंगची चूक असेल.” पाठचिकित्सेचा तास घेणाऱ्या बाईला हे सांगू नये.

अखेर जी घेतली ती साताऱ्यातल्याच एका कुटुंबाची, पहिल्या मालकाची. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. मिस्त्रींनी इंधनाच्या रबरी नळ्या बदलायला सांगितल्या, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि २०१४ ची गाडी त्या हिशेबाने घडलेली नाही. (ऊस आमच्याच तालुक्यातला असेल, तक्रार कोणाकडे करणार?) मागचे दोन टायर २०१६ चे निघाले, म्हणजे नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे. नवे मूळ मापाचेच घेतले, रुंद नाही. रुंद टायर रस्ता इतका घट्ट धरतात की चाळीसच्या वेगात काही घडतच नाही.

आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ती न वाकता बसू शकते, ही परीक्षा गाडीने पहिल्याच दिवशी पार केली. मागच्या खिडक्या मात्र लहान आणि उंच. “मागे बसलं की विहिरीत बसल्यासारखं वाटतं गं,” असे म्हणून ती पुढे येऊन बसली. मी तिला पाचगणीपर्यंत नेले. प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय नकळत खाली दाबला जात होता. वर पोचल्यावर तिने विचारले, “अ‍ॅव्हरेज किती देते?” मी आकडा सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “उतरताना त्या मधल्या वळणावर मघासारखाच आवाज काढ.”