सांडलेले तांदूळ

विश्रामबागच्या आमच्या घरात मासे पाळायची हौस अब्बांपासूनची. आमची टाकी साधी, गोड्या पाण्याची. शारजात राहणाऱ्या भाईजाननी मात्र खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात निळ्या-हिरव्या झालरीचा महाकाय शिंपला आणला. दर जुम्म्याला व्हिडिओ कॉलवर आधी त्याची ख्यालीखुशाली, मग आमची.

दोन महिन्यांत त्याची झालर आखडू लागली. या झालरीत सूक्ष्म शेवाळ राहते. उजेडावर ते जे अन्न बनवते, त्यावर शिंपल्याचे बरेचसे पोट भरते. म्हणून भाईजाननी दिवे बदलले. कवचाला लागणारे कॅल्शियम तपासले. सगळे ठीक, तरी शिंपला खंगतच होता. एका रात्री दिवे मालवल्यावर त्यांनी मोबाईलच्या उजेडात तो आम्हाला दाखवला. "आता नाही जगत," म्हणाले.

अम्मी शेजारी तांदूळ निवडत होत्या. वाकून म्हणाल्या, "बेटा, याच्या कडेला तांदूळ कुणी सांडले?"

ते तांदूळ नव्हते, दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी होत्या. दिवसा त्या कवचाच्या खवल्यांआड नि तळाशी लपतात. रात्री झालरीच्या काठावर येऊन सोंडेने शिंपल्याचा अंगरस शोषतात. शिंपला आणल्यावर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला असता तर त्या आधीच सापडल्या असत्या.

शिंपला तळाच्या चिवट तंतूंनी खडकाला धरून बसतो. ओढून काढला तर तंतू तुटून इजा होते. म्हणून भाईजाननी तो खडकासकट टाकीच्याच पाण्याच्या घमेल्यात घेतला. मऊ टूथब्रशने, झालरीला धक्का न लावता, कवच घासले; गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट पुंजकेही काढले. एखादे अंडे राहिले तरी पुन्हा सुरुवात, म्हणून कित्येक आठवडे रोज रात्री तपासणी चालली. हळूहळू झालर पुन्हा पसरली.

"आपल्याकडेही आणू या," मुलांनी हट्ट धरला. आम्ही समजावले : आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रात हे शिंपले आहेत, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ते घरी पाळता येत नाहीत. त्यांचे घर समुद्रच.

पुढच्या जुम्म्याला भाईजाननी पहिल्यांदाच विचारले, "अम्मी, रात्री झोप लागते का?" आम्ही रोज सकाळी "बरं आहे ना?" विचारायचो, त्या "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायच्या. त्या दिवशी थांबून म्हणाल्या, "पाय जळतात रे. पहाटेपर्यंत."

दुसऱ्याच दिवशी त्यांचे रक्त तपासले. साखर बरीच वाढलेली निघाली. आता औषध चालू आहे, संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा झाला आहे आणि निजण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या पायाशी जाऊन बसते.