जीपचे पाटे वाढवण्याआधी

वाचकहो, खेड्यात जीप ही आता काही नवलाई राहिलेली नाही. जुनी जीप घ्यायची, तिचे पाटे वाढवायचे, मोठे टायर चढवायचे आणि मागे दोन चाकांची ट्रॉली जोडून कांदा बाजारात न्यायचा, हे तुम्हीही पाहिले असेल. अशी उंच केलेली जीप चिखलातून सहज निघते, यात शंका नाही. पण माल ओढायचा म्हटला की गोष्ट निराळी होते.

आमच्या घरात यावरून चांगलाच वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काका, मागं दोन-दोन पाटे जास्तीचे टाकले की वीस गोण्या कुठं जात नाहीत. भाडं वाचेल." भाडे वाचेल हे खरेच. कांद्याला भाव नसतो त्या वर्षी टेम्पोचे भाडे घरून भरावे लागते, हे तुम्हाला मी काय सांगावे? पण त्याच जीपमध्ये त्याची बायको आणि लेकरू बसणार होते, आणि बाजाराच्या वाटेवर घाट आहे.

पाटे वाढवले की जीप मागे कमी बसते, एवढेच. एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकही तेच राहतात. बैलावर जाड झूल घातली म्हणून त्याचे बळ वाढत नाही! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जीपमागे जी छोटी ट्रॉली जोडली, ती पाव टनाची होती, म्हणजे सामान सुमारे २२५ किलो. वीस गोण्यांचा कांदा म्हणजे हजार किलो. हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट उंचीची. जीप चार बोटे वर गेली की हूकही वर जातो. मग ट्रॉलीची दांडी पुढे उचललेली आणि मागची बाजू खाली, असे होते. माझ्या आईने हे पाहिले आणि एका शब्दात सांगितले, "उलाळ झालीय रे!" तिने जन्मभर बैलगाडी पाहिलेली. उलाळ गाडीत बैलाच्या गळ्याला फास बसतो. जीपला तशी ट्रॉली लावली की मागची चाके हलकी पडतात आणि वेग वाढताच ट्रॉली शेपटासारखी झुलू लागते. उलट माल फार पुढे रचला, तर जीपचे तोंड उचलते, स्टिअरिंग हलके लागते आणि दिव्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यावर उपाय सोपा आहे. हूक खाली घेणारी मजबूत पट्टी चांगल्या फिटरकडून बसवून घ्या; दांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर यावा. ट्रॉली २०० किलोची आणि माल ४०० किलो, तर हुकावर सुमारे ६० ते ८५ किलो. धान्याचा काटा सपाट जागी दांडीखाली हुकाच्या उंचीला ठेवून हे घरीच मोजता येते. नवे पाटे टाकल्यावर थोडे अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. हूक निसटला तर ट्रॉली धरून ठेवायला दांडीखालून दोन साखळ्या आडव्या-तिडव्या जोडा. मागे दिवे हवेतच, आणि ट्रॉलीत माणूस कधीही बसवू नका.

घाट उतरताना वरूनच लहान गिअर टाका. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायला चौपट अंतर लागते, आणि मागून ट्रॉलीही ढकलत असते. ट्रॉली झुलू लागली तर जोरात ब्रेक मारू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. गाडीत असे फेरबदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या; मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये त्याला बंधने आहेत, आणि ट्रॉलीचीही नोंदणी लागते.

शेवटी आम्ही आठ गोण्यांवर आलो. वाढीव पाट्यांचा बेत सोडला, हूक खाली घेतला. खेपा वाढल्या, डिझेल थोडे जास्त जाते, पुतण्या अजून कुरकुरतो. त्याची बायको मात्र आता घाटात डोळे मिटून घेत नाही. तुमच्या अंगणात अशी जीप उभी असेल, तर पुढच्या बाजाराआधी एकदा काटा दांडीखाली ठेवून पाहा.