ड्राइव्हवेचा एक मीटर

मंडळी, ड्राइव्हवे रुंद करायला सिटीची परवानगी कशी मिळवली, असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. हे ऑन्टॅरिओपुरतं आहे, आणि शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. प्रत्येक शहराची मापं वेगळी असतात, माझी मापं वाचून कुणी काँक्रीट ओतायला नको.

आमचा प्लॉट 30 फूट रुंद. घरात आम्ही दोघं, आई, मुलगा, आणि बेसमेंटमध्ये भाडेकरू जोडपं. गाड्या तीन. एक गराजमध्ये, मुलाची आणि भाडेकरूंची बाहेर. मुलगा वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो, तिकडे त्या वेळी बस नाही. रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी आहे. बायलॉप्रमाणे आम्हाला 5.2 मीटर रुंदी मिळते. त्यात दोन गाड्या शेजारी शेजारी बसतात, पण मग आईचा वॉकर दारापर्यंत जात नाही. कडेने पायवाट घाला म्हणाल, तर गाडीचं चाक चढेल अशी पक्की पायवाट ड्राइव्हवेच्याच रुंदीत मोजतात. म्हणून 6.2 मागितले. सगळा खटाटोप एका मीटरचा.

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेले. तिघांचंही म्हणणं एकच, लाँग वीकेंडला टाकून देऊ, कोण बघतंय. आपल्याला हे नवीन नाही. महाराष्ट्रात आधी गुंठेवारीत घरं झाली आणि मग 2001 साली ती नियमित करायला कायदा आला. इथेही काम झाल्यावर अर्ज करता येतो, पण तो नाकारला तर स्वतःच्या खर्चाने उखडायचं. आणि बायलॉ ऑफिसर बहुतेक वेळा तक्रारीवरून येतो, म्हणजे ज्या शेजाऱ्याला विचारायचं टाळलं, तोच फोन करतो.

रीतसर मार्ग म्हणजे 'मायनर व्हेरिअन्स'. अर्ज कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंटकडे जातो. नकाशा लागतो, फी लागते (ती काही थोडी नाही, आणि नकार आला तरी गेली ती गेली), घरासमोर पाटी लागते आणि 60 मीटरच्या आतल्या घरमालकांना नोटीस जाते. एवढं सगळ्यांना जमतं. अडतं पुढे.

प्लॅनिंग अ‍ॅक्टच्या कलम 45 मध्ये कमिटीसाठी चार कसोट्या आहेत. शहराच्या ऑफिशियल प्लॅनचा हेतू राखला जातो का, झोनिंग बायलॉचा हेतू राखला जातो का, त्या जागेसाठी हा बदल योग्य आहे का, आणि तो खरंच किरकोळ आहे का. नीट वाचा. यात तुमची गरज कुठेच नाही. आईचे गुडघे नाहीत, मुलाची रात्रपाळी नाही, मॉर्गेज नाही. 'सूट' म्हटलं की आपल्या डोक्यात येतं, साहेबांना अडचण समजावून सांगू, ते ऐकतील. पण उद्या तुम्ही घर विकलंत तरी काँक्रीट तिथेच राहतं. कमिटी जमिनीबद्दल विचारते.

आमच्या आधी एक गृहस्थ होते. घरात किती माणसं, किती गाड्या, बराच वेळ पोटतिडकीने बोलले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हिवाळ्यात बर्फ कुठे टाकणार? समोरची सगळी हिरवळ काँक्रीटखाली जाणार होती. उत्तर नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. मला वाईट वाटलं, पण प्रश्न बरोबरच होता. बर्फ लॉनवर टाकता आला नाही की तो रस्त्यावर येतो, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात.

आमच्या अर्जाला शेजारच्या बाईंची लेखी हरकत होती, पाण्याबद्दल. 16 जुलै 2024 चा पाऊस आठवतोय ना? पिअरसन विमानतळावर जवळजवळ 98 मिलिमीटर. त्या दिवशी त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं, आणि आमचा उतार त्यांच्याकडेच आहे. आमच्या बेसमेंटमध्ये तर माणसं राहतात! ज्या भाडेकरूच्या गाडीसाठी आपण माती झाकतो, त्याच्याच गादीखाली ते पाणी यायचं. ही गोष्ट मला कुठल्याही नियमापेक्षा जास्त पटली. त्यांच्याकडे जाऊन बसलो, नकाशा टेबलावर ठेवला. सुनावणीला जाताना बदललेला नकाशा नेला. जादाचा मीटर पाणी मुरणाऱ्या पेव्हरचा, त्यांच्या कडेला 60 सेंटिमीटरची मातीची पट्टी, आणि पाण्याचा उतार रस्त्याकडे. बाईंनी हरकत मागे घेतली नाही, पण असं केलं तर चालेल असं लिहून दिलं. याच अटींवर मंजुरी मिळाली.

आता राग येतो तो मुद्दा. 2022 च्या बिल 23 ने प्रांतभर निवासी प्लॉटवर तीन घरांपर्यंत मुभा दिली. चांगलं झालं, घरं हवीच आहेत. त्याच कायद्याने प्रत्येक घरामागे एकापेक्षा जास्त पार्किंगची सक्ती करायला शहरांना मनाई केली. कागदावर तेही छान. पण रात्री दोनला वेअरहाऊसकडे जाणारी बस कुठल्याच बिलाने दिली नाही. माणसं वाढली, बस तेवढीच, रस्ता रात्री बंद, मग प्रत्येक कुटुंब एकेकटं एकेक मीटर मागायला कमिटीसमोर उभं. ज्याला फी आणि नकाशा परवडतो त्याला मिळतो, बाकीचे लाँग वीकेंडची वाट बघतात. कमिटी नगरसेवकांनी नेमलेली असते, ती नियम बदलू शकत नाही. रात्रीचं पार्किंग आणि बस हे कौन्सिलचं काम आहे, आणि तिथल्या बैठकांना आपली माणसं फारशी दिसत नाहीत.

अजून दोन गोष्टी, कारण विचारणारे हमखास विसरतात. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली हिरवळ तुम्ही कापत असलात तरी ती सिटीची आहे. तिथलं झाड आणि कर्ब कापणं याची परवानगी वेगळी, व्हेरिअन्समध्ये ती येत नाही. दुसरं, शेजारच्या अर्जाची नोटीस तुमच्याकडे आली तर जाहिरातींबरोबर फेकू नका. 2022 पासून शेजाऱ्यांना या निर्णयांवर ट्रिब्युनलकडे अपील करता येत नाही. बोलायचं असेल तर सुनावणीतच, आणि लेखी म्हणणं कधीपर्यंत पाठवायचं ते नोटिशीवरच छापलेलं असतं.