सपोर्टवाला

नेमबाजीच्या गेममध्ये मॅच संपली की पडद्यावर एक तक्ता येतो. कोणी किती मारले, त्याप्रमाणे नावं वरून खाली. वीस वर्षं मी हे गेम खेळतोय आणि बहुतेक वेळा माझं नाव त्या तक्त्याच्या तळाला असतं. नेम अगदीच वाईट आहे असं नाही हो, पण मी करतो ते काम वेगळं. हल्ली त्याला 'सपोर्ट' म्हणतात. आमच्या वेळी त्याला नावच नव्हतं. परवा भाच्याशी यावरून बोलणं झालं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू.

सुरुवात अर्थातच काउंटर-स्ट्राइक. 2004-05 ची गोष्ट. नव्या पेठेत एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होता. दहा मशीन, तासाला वीस रुपये, आणि ऐन रंगात आलं की लोडशेडिंग! ज्यांनी 1.6 खेळलाय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: पाच विरुद्ध पाच. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो लावू द्यायचा नाही, लागलाच तर निकामी करायचा. प्रत्येक राउंडला पैसे मिळतात, त्यातून सामान घ्यायचं. लांबून एका गोळीत आडवा करणारी एडब्ल्यूपी 4750 डॉलरची. बॉम्ब निकामी करायचं किट फक्त 200 डॉलरचं. किट नसेल तर दहा सेकंद लागतात, असेल तर पाच.

एडब्ल्यूपी सगळ्यांना हवी असायची. किट घ्यायला मात्र कुणी तयार नसे. दोनशेच डॉलर, पण तेवढ्यात एक बॉम्ब कमी पडतो, नाहीतर चिलखत राहतं. शिवाय बॉम्बवर बसलात की हात बांधलेले, मागून कुणीही येऊन मारावं. ते काम माझ्याकडं आलं. मी किट घ्यायचो आणि बाकीचे चारजण चार वाटा धरायचे. त्या पाच सेकंदांत आपण काहीच करू शकत नसतो, फक्त बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा.

पैशाचंही तसंच. हातात फार काही नसेल तर सगळ्यांनी मिळून एक राउंड पिस्तुलावर काढायचा, म्हणजे पुढच्याला पाचहीजणांकडं चांगल्या बंदुका. त्यात एकानं जरी हट्टानं आधीच खरेदी केली तर पुढच्या राउंडला तो कंगाल. मग ज्याच्याकडं जास्त असेल त्यानं बंदूक घेऊन त्याच्यापुढं टाकायची. उसनवारीचा हिशेब कुणी ठेवत नसे.

आणि आमचा आरडाओरडा! एकजण ओरडायचा "इकडं ये", दुसरा तेलुगूत "इटु रा", तिसरा कन्नडमध्ये "इल्लि बा". तिन्हीचा अर्थ एकच. समोरच्यांना कळू नये म्हणून एकदा आम्ही सगळं तेलुगूत बोलायचं ठरवलं. पण सोलापुरात कोणती भाषा चोरून बोलणार? समोरच्या पाचातल्या तिघांच्या घरी तेलुगूच. :)

नंतर नोकऱ्या लागल्या, पांगापांग झाली. सोलापूरच्या पोरांचं जे होतं तेच. एक पुण्याला, एक हैदराबादला. मी आणि आणखी एकजण इथंच. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्ही चौघं पबजी मोबाइलवर परत एकत्र आलो. रात्री साडेदहाला हजेरी.

पबजीत शंभरजण विमानातून उतरतात आणि चौघांची एक तुकडी. कामं आपोआप वाटली गेली. पुण्याचा बोलणारा: कुठं उतरायचं, कधी निघायचं, ते तो ठरवणार. इथला दुसरा पुढं घुसणारा, त्याला धीर म्हणून नाही. हैदराबादवाला लांबून टिपणारा. आणि मी फर्स्ट एड, धूर सोडायचे बॉम्ब आणि जीप सांभाळणारा. या गेमची एक रीत मला फार आवडते. गोळी लागली की माणूस लगेच बाद होत नाही, गुडघ्यावर येतो आणि रांगत राहतो. साथीदार जवळ पोचला आणि दहा-एक सेकंद शेजारी बसला, तर तो उठतो. मात्र तेवढा वेळ उठवणाऱ्यालाही बंदूक चालवता येत नाही.

मे महिन्यात हैदराबादवाला गप्प गप्प राहायला लागला. गेममध्ये यायचा, पण जीपमध्ये नुसता बसून असायचा. दोन-तीन दिवसांनी कळलं. त्याच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तेही सोलापुरात. एरवी रिक्षानं जायचे, आता रिक्षा बंद. घरी फक्त काकू. आणि हा राज्याच्या सीमेपलीकडं अडकलेला. डायलिसिस काही पुढं ढकलता येत नाही.

त्या रात्री मॅच झाल्यावर कुणीही हेडफोन काढला नाही. पुण्याच्यानं नेहमीच्याच आवाजात वाटणी केली. मंगळवार-शनिवार मी, गुरुवार पुढं घुसणारा. पासचे अर्ज आणि फोनाफोनी तो स्वतः पुण्यातून करणार. हैदराबादवाल्याचं काम एकच, आदल्या रात्री काकांशी बोलून वेळ पक्की करायची. पुढं घुसणारा पहिल्याच गुरुवारी नाक्यावर पोलिसांशी वाद घालून बसला, तो भाग वेगळा. पण एकही फेरी चुकली नाही. मी गाडीत बसून चार-चार तास वाट बघायचो. काका बाहेर आले की "दमलास का रे?" असं उलट मलाच विचारायचे.

2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजीही गेलं. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होतं त्यांचं 30 ऑक्टोबरला बंद झालं. त्यानंतरचे आठवडे विचित्र गेले. पुरुषमाणसं काही कामाशिवाय फोन करून बोलतात का? "काय चाललंय", "काही नाही", की संपलं. गेम होता तेव्हा 'डावीकडं बघ', 'गोळ्या आहेत का' यांच्या मधल्या फटीत घरचं सगळं बोलून व्हायचं. शेवटी पुण्याच्यानंच दर रविवारी साडेदहाला फोन लावायला सुरुवात केली. तो आजही लावतो. 2021 च्या जुलैत बीजीएमआय आलं, 2022 च्या जुलैत काढून टाकलं, 2023 च्या मे महिन्यात परत आलं. आमचा रविवार त्याच्यावर अवलंबून राहिला नाही. 2022 मध्ये काका गेले. हैदराबादहून तो पोचेपर्यंत आम्ही तिघं तिथं होतो.

तर भाचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बीजीएमआय स्पर्धेसाठी चौघांची टीम केलीय. परवा तोंड पाडून म्हणाला, "मामा, मी नुसता हमाल झालोय. गोळ्या वाहा, औषधं वाहा. माझे किल्स शून्य. मी टीम सोडतोय."

मी त्याला वरचं सगळं सांगितलं नाही, कंटाळला असता. एवढंच म्हणालो, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते बघत तू लहानाचा मोठा झालास. काठी पेलणाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. पण त्याच्या भोवतीनं चालणारे, तो थकला की काठी आपल्याकडं घेणारे नसतील तर ती किती पावलं जाईल? तो म्हणाला, "पण ते आळीपाळीनं घेतात मामा. मला कुठं कोण देतंय?"

पोराचा मुद्दा बरोबर आहे. ज्याला सपोर्ट द्यायचा त्याला त्याची जाण नसेल तर ती हमालीच. 2007 च्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये डॉक्टरचं काम करणाऱ्याला बरं केल्याचेही गुण मिळतात. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे की न मोजलेलं काम माणसं फार दिवस करत नाहीत. म्हणून मी त्याला सुचवलं, आज रात्री कोणी कोणाला कितीदा उठवलं ते वहीत लिही आणि टीमसमोर ठेव. मग सराव सामन्यात आळीपाळी माग. त्यानं लिहिलं. एका रात्रीत अकरा वेळा, त्यातले सहा त्यांच्या स्टारचे. आता एक दिवसाआड स्नायपर त्याच्याकडं असते. नेम अजून यथातथाच आहे, पण टीममध्ये आहे.

असो. ताई, तू हे वाचशील म्हणून एक विनंती. अभ्यासाच्या वेळा तूच ठरव, त्यात मी पडत नाही. पण जेवायला हाक मारायची असेल तर अर्धा तास आधी सांगत जा. मधेच उठला तर कुणीतरी रांगत असतं आणि याची वाट बघत असतं.